बाहेरून लावलेली दारं

चावीकाका कुत्र्यांना घाबरायचे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लहानपणी एका कुत्र्याने त्यांच्या पोटरीचा लचका तोडला होता. तेव्हापासून समोरून साधं पिल्लू आलं तरी काका रस्ता बदलत. एकदा बेकरीसमोर झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालता घालता त्यांचा पाय उघड्या गटारात गेला, आणि कुत्र्याने डोळासुद्धा उघडला नाही. काकूंनी ही हकिगत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून तिच्यात इतकी भर घातली होती, की शेवटी शेवटी काकांना त्या गटारातून दोरी टाकून वर काढावं लागत असे.

काकांचा धंदा कुलपांचा. दुकान एका जिन्याखाली, इतकं बुटकं की ताठ उभं राहायचं तर रस्त्यावर यावं लागे. चुलत्याच्या हाताखाली शिकले आणि त्याच्या पश्चात तिथेच बसले. कुलूप बसवणं, दुरुस्त करणं, चावी हरवलेल्यांची दारं उघडून देणं, यात उभा जन्म गेला. "कुलूप म्हणजे हट्टी माणूस," असं ते म्हणायचे. "त्याच्यावर ओरडायचं नाही. गप्पा मारायच्या, मग ते आपणहून बोलतं." आणि मूड लागला की, "या भागात लोक गाढ झोपतात ना, ते माझ्या जिवावर." यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं.

एका दुपारी दुकानासमोर मागे जाळी लावलेली एक गाडी थांबली. तिच्यातून खाकी पँट घातलेली एक तरुण बाई उतरली. प्राण्यांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेची ती निरीक्षक होती. तक्रार आली की जायचं, पाहायचं, गरज पडली तर पोलीस घेऊन जनावर सोडवून आणायचं, हे तिचं काम. वयाने काकांच्या लेकीएवढी. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून काकाही पुढे ताईच म्हणू लागले.

"काका, एक दार उघडून हवंय. पोलीस तिथेच उभे आहेत. भाडेकरू सामान घेऊन निघून गेले, जाताना नवं कुलूप लावून गेले. घरमालकाकडे चावी नाही."

"मग घाई कसली?"

"आत कुत्री आहेत. बहुतेक अजून आहेत."

काकांनी हातातली कानस खाली ठेवली. "हे बघा ताई, आधीच सांगतो. मला कुत्र्यांची भीती वाटते. दार उघडेन आणि बाजूला होईन."

"चालेल. उघडा फक्त."

इमारत चांगल्या वस्तीतली होती. वरच्या मजल्यावर शेजारीपाजारी नाकाला रुमाल लावून उभे होते आणि आपण किती आधीपासून सांगत होतो हे एकमेकांना पटवत होते. काकांनी दारापुढे गुडघे टेकले. कुलूप पाहून त्यांना जरा बरं वाटलं. उत्तम जातीचं, ते स्वतः गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सुचवत तसलं. आत बारीक वाकडा हुक घालून त्यांनी कुलपाच्या पोटातली एकेक पिन चाचपायला सुरुवात केली. खर्र, खर्र.

दाराच्या पलीकडून आवाज आला. खर्र.

काका थांबले. आवाज थांबला. त्यांनी पुन्हा हुक फिरवला, पुन्हा पलीकडून उत्तर आलं. अगदी दाराच्या तळाशी, त्यांच्या गुडघ्यांसमोर. भुंकणं नाही, कण्हणं नाही. काका थांबले की तेही थांबायचं, जणू ऐकत असावं. उभ्या आयुष्यात काकांनी कुलपाशी गप्पा मारल्या होत्या. पलीकडून कुणी उत्तर देईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दार उघडलं, पण लोटलं जाईना. आतून काहीतरी टेकलेलं होतं. ताईने खांदा लावून हळूच जागा केली आणि फटीतून आत शिरली. एक काळी कुत्री दाराला पाठ लावून बसली होती. बसली होती म्हणायचं ते एवढ्यासाठी, की पडायलाही अंगात काही उरलं नव्हतं. दुसरं कुत्रं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलं होतं. त्याला कोणाची गरज राहिली नव्हती.

काका ठरल्याप्रमाणे बाजूला झाले. ताई कुत्रीला चादरीत गुंडाळून खाली घेऊन गेली. मग पोलिसाने दार पूर्ण उघडलं, आणि त्या दाराची आतली बाजू काकांसमोर आली. पॉलिश कुठेच उरलं नव्हतं. लाकडात कुलपाच्या उंचीपासून खालपर्यंत नखांच्या चरी पडल्या होत्या. कुलपाभोवतीचं लाकूड तर दातांनी कुरतडून काढलेलं. पितळ उघडं पडलं होतं, आणि त्याच्यावर रक्त वाळून काळं झालं होतं. कुलूप मात्र तसूभरही हललेलं नव्हतं.

"मजबूत आहे हो," पोलीस म्हणाला. त्याला वाईट बोलायचं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

ते भाडेकरू पुढे सापडले. "आम्ही परत येणारच होतो," असं त्यांनी सांगितलं म्हणे.

त्यानंतर काकांचं काहीतरी बिघडलं. कुठल्याही कुलपात हुक घातला, की पिनांच्या त्या बारीक खर्रखर्रीमागून आणखी एक आवाज येतोय असं त्यांना वाटे. ते थांबत. दाराला कान लावत. घामाघूम होत.

"आत कोणी आहे का?" त्यांनी एका गिऱ्हाइकाला विचारलं.

"आत कोण असणार? मी हा तुमच्या शेजारी उभा आहे ना! चावी माझीच हरवलीय!"

घरी तर वेगळीच तऱ्हा. काका एकही दार लावू देईनात. पुढचं दार दिवसभर सताड उघडं, कपाटं उघडी. न्हाणीघरातसुद्धा कडी घालायचे नाहीत. "आत असलो की मी खोकत राहीन," असं त्यांनी जाहीर केलं, आणि खोकत राहिले. शेजारणीचं मांजर रोज येऊन दूध पिऊन जाऊ लागलं.

"जगाला कुलपं विकता आणि स्वतःच्या घराची धर्मशाळा केलीत!" काकू म्हणाल्या. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "अहो, ती कुत्री जगली का?"

काकांना ते माहीत नव्हतं. विचारायचं धाडसच झालं नव्हतं.

"मग जाऊन बघा की. इथे बसून खोकण्यापेक्षा."

संस्थेचा निवारा गावाबाहेर होता. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या, मध्ये धुतलेली ओली फरशी. काका भिंतीलगत अंग चोरून चालत होते, कारण दोन्हीकडून भुंकण्याचा नुसता गिल्ला उठला होता. शेवटच्या खोलीत ती काळी कुत्री होती. तिचं नाव आता मिरी ठेवलं होतं. अंगावर थोडं मांस आलं होतं, पायांना पट्ट्या होत्या. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"खाते का?" काकांनी विचारलं.

"खाते. पण कोणाकडे बघत नाही," ताई म्हणाली.

काकांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, तशा त्याच्याबरोबर चाव्या किणकिणल्या. मिरी ताडकन उठली. कान टवकारलेले, शेपटी थरथरत होती. जाळीपाशी येऊन ती काकांच्या मागे, पार शेडच्या दाराकडे बघू लागली. दारात कोणी नव्हतं. तरी ती बघत राहिली. मग हळूहळू शेपटी खाली गेली, आणि ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.

काकांना आधी वाटलं, घाबरली. ताईने मान हलवली. "नाही काका. चाव्या वाजल्या की तिचा माणूस घरी यायचा. अजून त्याचीच वाट बघतेय."

काका परत आले ते मनात तेच घोळवत. मिरी चिडली असती, चावली असती, तर त्यांना समजलं असतं. ज्याने तिला मरायला कोंडलं, त्याच्याच पावलांसाठी ती उठते, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

मग ते जातच राहिले. आत शिरण्यापूर्वी चाव्यांचा जुडगा रुमालात घट्ट बांधायचे, म्हणजे वाजायला नको. जाळीबाहेर स्टूल टाकून बसायचे. मिरी भिंतीकडे बघायची, काका तिच्या पाठीकडे. एकदा ती जाळीपर्यंत आली, त्यांचा बूट हुंगला, आणि परत गेली. तेवढ्यावरून काकांनी काकूंना इतकं रंगवून सांगितलं, की काकूंचा गटाराच्या गोष्टीचा विक्रम मोडला.

पण उपासमारीने तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. औषधं चालू होती, पण थंडी संपता संपता ती गेली. काका पोचले तेव्हा खोली धुवून झाली होती.

"त्रास झाला का तिला?"

"नाही. झोपेतच गेली." ताईने पुढचं खरं तेही सांगितलं. "दाराकडे तोंड होतं."

काकांना वाटलं, आता हे सगळं थांबेल. मिरीबरोबर तो आवाजही जाईल. उलटच झालं. आता तर कुलपाला हात लावायचीही गरज राहिली नाही. रस्त्याने जाताना दुतर्फा बंद दारं दिसली, की त्यांचं पाऊल अडखळे. इतकी दारं! त्यांतली कितीतरी आपल्याच हातची. आत काय चाललंय कुणास ठाऊक. ज्या हातांचा त्यांना एवढा अभिमान होता, त्या हातांकडे ते कधीकधी जेवताजेवता बघत राहायचे, आणि घास तसाच राहायचा.

अशातच एक गृहस्थ दुकानात आला. नीटनेटका, मऊ बोलणारा. घरामागे गॅरेज आहे, त्याच्या दाराला भक्कम कडीकोयंडा आणि वर कुलूप हवं, म्हणाला. काका बघायला गेले. घर टुमदार, पुढे फुलांच्या कुंड्या, अंगण झाडून लखलखीत. मागे गॅरेज. दाराला जुनं कुलूप, खिडकीला आतून पुठ्ठे लावलेले.

"आतून कडी नको," गृहस्थ म्हणाला. "फक्त बाहेरून. आणि दाराच्या फटींना रबराची पट्टी बसवता येईल का? आवाज जातो. शेजारी कटकट करतात."

"कसला आवाज?"

"जनरेटरचा."

फिनेलचा वास येत होता, नाक झोंबेल इतका. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, आणि तो काकांनी आधी एकदा घेतला होता. त्यांनी सहज केल्यासारखं दारावर बोटांनी टकटक केलं. रिकाम्या खोलीवर टकटक केलं, की आवाज आत जाऊन परत येतो. इथे तो आत गेला आणि कुणीतरी गिळून टाकला. आत कोणीतरी श्वास रोखून होतं. एक नाही, पुष्कळ.

"आतून माप घ्यावं लागेल."

"बाहेरूनच घ्या ना," गृहस्थ हसून म्हणाला.

काकांनी बाहेरून माप घेतलं, परवा येतो म्हणाले, आणि तिथून तडक निवाऱ्यावर गेले.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. "काय पाहिलंत?"

"काही नाही."

"ऐकलंत?"

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय." आपण किती वेडगळ बोलतोय हे काकांना स्वतःलाच कळत होतं. "ताई, माझं डोकं ठिकाणावर नाही हे मला माहीत आहे. मला प्रत्येक दाराआड कुणीतरी दिसतं. हेही तसंच असेल कदाचित."

ताई खुर्चीत पुढे सरकली. "पत्ता सांगा." पत्ता ऐकून तिचा चेहरा बदलला. त्या घराबद्दल तक्रारी आधीही आल्या होत्या. गृहस्थ पिल्लं विकायचा. गोंडस, रिबीन बांधलेली पिल्लं. पण त्यांच्या आया कोणी कधी पाहिल्या नव्हत्या. ती चौकशीला गेली होती, तेव्हा त्याने हसतमुखाने घर दाखवलं आणि गॅरेजमध्ये भंगार आहे म्हणून सांगितलं. "परवापर्यंत झडतीची परवानगी काढते," ती म्हणाली. "तुम्ही ठरल्याप्रमाणे कुलूप बसवायला जा. त्याला संशय येता कामा नये."

मधला दिवस काकांनी कसा काढला ते काकूंनाच ठाऊक. "अहो, नका जाऊ. तब्येत बरी नाही म्हणून कळवा," त्या म्हणाल्या.

"मी नाही गेलो तर दुसरा कोणी जाईल," काका म्हणाले. "आणि झकास बसवून देईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजच्या दाराशी बसले आणि जमेल तितकं सावकाश काम करू लागले. गृहस्थाने स्वतः चहा आणून दिला. पायरीवर बसून गप्पाही मारल्या. "मला जनावरांचा फार लळा," तो म्हणाला. "आमच्या घरात पहिल्यापासून कुत्री. आई म्हणायची, तू माणसांपेक्षा कुत्र्यांतच रमतोस." काका हं हं करत होते. चहा चांगला होता. याचंच त्यांना पुढे फार वाईट वाटत राहिलं, की चहा चांगला होता आणि तो त्यांना आवडला.

जाळीची गाडी फाटकाशी थांबली. ताई, तिच्याबरोबर जनावरांचे डॉक्टर आणि पोलीस. गृहस्थ गडबडला नाही. "जुन्या कुलपाची चावी भावाकडे आहे, तो बाहेरगावी असतो. आठवड्याने या."

पोलिसाने काकांकडे पाहिलं. काकांनी हुक काढला.

खर्र. आणि आतून उत्तर आलं. एका ठिकाणाहून नाही. खाली, वर, कोपऱ्यातून, तारेवर घासल्यासारखं. काकांनी हुक थांबवला. हे खरं, की आपल्या डोक्यातलं, तेच त्यांना कळेना. त्यांनी मान वळवून ताईकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

"काका," ती हलकेच म्हणाली, "थांबू नका."

दार उघडल्यावर उजेड आत गेला, आणि आतल्या सगळ्यांनी तोंडं फिरवली. पिंजऱ्यांवर पिंजरे रचलेले. पिल्लं घालून घालून पोटं लोंबलेल्या कुत्र्या, केसांच्या गुठळ्या इतक्या, की डोळे कुठे ते कळू नये. वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर. एवढ्या कुत्र्या, पण एकही भुंकली नाही. भुंकल्यावर काय होतं ते त्या शिकल्या असाव्यात. पिंजऱ्यांशेजारी भिंतीला एक पाण्याची नळी आणि एक काठी टांगलेली होती.

डॉक्टर एकेक पिंजरा उघडू लागले. ताईने एक जीव काढून काकांच्या छातीशी दिला. "धरा."

"मी?"

"मग दुसरं कोण आहे इथे?"

काकांनी धरलं. कापसाच्या गाठोड्याएवढं वजन, आणि आत काळीज इतकं धडधडत होतं, की ते आपलं की तिचं हे त्यांना उमगेना. गाडीपाशी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण कुत्रं उचललंय. मग ते दुसरीसाठी परत फिरले.

शेवटच्या फेरीला गृहस्थ वाटेत उभा होता. आवाज तसाच मऊ. "काका, तुम्ही माझा चहा प्यालात हो," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. खरोखर दुखावल्यासारखा होता तो, आणि काका हातातलं कुत्रं सावरत गाडीकडे गेले.

खटला झाला. गृहस्थाला दंड झाला, काही वर्षं जनावर पाळायला बंदी झाली. त्याने घर विकलं आणि कुठे गेला ते कोणाला कळलं नाही. काकांना ते चहाचं वाक्य अजून ऐकू येतं. पिनांचा आवाज परवडला, असं ते काकूंना म्हणाले. कुठल्यातरी गावात आत्ता अंगण झाडून लख्ख केलेलं असेल, पुढे कुंड्या असतील, आणि कुणीतरी भला माणूस चहा पिता पिता फटींना रबर लावून देत असेल.

दुकान चालू आहे. फक्त बाहेरून लावायची कडी कोणी मागितली, की काका आधी आत जाऊन बघतात. गिऱ्हाईक वैतागतं, काही जण उठून जातात. जाऊ देत, म्हणतात. संस्थेला दार उघडून हवं असलं की जाळीची गाडी जिन्याखाली येऊन उभी राहते. कधी आत काहीच नसतं. कधी उशीर झालेला असतो. अशा दिवशी ते घरी आल्यावर काकू पुढचं दार उघडंच ठेवतात.

गॅरेजमधल्या बहुतेक कुत्र्यांना घरं मिळाली. एक तेवढी राहिली. तपकिरी, म्हातारी, सगळ्यात खालच्या पिंजऱ्यातली. निवाऱ्यामागे एक गवताचा तुकडा आहे. तिला तिथे सोडलं, की ती फरशीच्या कडेपर्यंत येते आणि थबकते. जन्मात तिच्या पायाला माती लागली नव्हती. फरशी संपली, की तिच्या लेखी जग संपतं. काका सुट्टीच्या दिवशी जाऊन तिच्याशेजारी फरशीवर बसतात. ओढत नाहीत, बोलावत नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवतात. पोटरी मात्र अजून मांडीखाली दडवतात.

परवा काकूही बरोबर गेल्या होत्या. बराच वेळ त्यांनी त्या दोघांकडे बघितलं. मग चपला काढल्या, पदर खोचला, आणि अनवाणी गवतात जाऊन उभ्या राहिल्या.

"थंडगार आहे हो," त्या म्हणाल्या. काकांना म्हणाल्या की कुत्रीला, कुणास ठाऊक.

म्हातारीने त्यांच्या पावलांकडे पाहिलं. मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. मग पुढचा एक पाय उचलला, हवेत धरला, आणि गवतावर टेकवला. पाय तिथेच राहिला. दुसरा मात्र त्या दिवशी आला नाही.